ट्रोम्सो ते लॉन्गइयरब्येन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून दोन अंतरे मोजा. पहिले भारताच्या मुख्य भूमीचे, दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत. दुसरे उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोपासून स्वालबार्ड बेटांवरच्या लॉन्गइयरब्येनपर्यंत. नकाशा नेहमीचा मर्केटर पद्धतीचा असेल तर दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी भरतील. प्रत्यक्षात भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे आणि ट्रोम्सो-लॉन्गइयरब्येन अंतर जेमतेम ९६०. म्हणजे मुंबई-बेंगळुरूपेक्षा थोडे जास्त, मुंबई-चेन्नईपेक्षा थोडे कमी.

उत्तरेकडच्या विमानतळांच्या बाबतीत असा चकवा नेहमीच बसतो. मर्केटर नकाशा ध्रुवाकडे जाताना प्रत्येक गोष्ट ताणत जातो. ट्रोम्सोच्या अक्षांशावर हा ताण सुमारे २.९ पट आहे आणि लॉन्गइयरब्येनला तो ४.९ पटींवर जातो. त्यामुळे पट्टी, बोट, अंदाज यांपैकी काहीही तिथे चालत नाही. पण कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर अंतर अचूक निघते. वेळ काढायला मात्र अंतरापेक्षा जास्त डोके लागते, कारण उत्तरेत प्रवासाचा वेळ हवेत कमी आणि जमिनीवर जास्त जातो.

उदाहरणासाठी हीच जोडी घेण्याला कारण आहे. लॉन्गइयरब्येनचा स्वालबार्ड विमानतळ हा नियमित प्रवासी विमाने जातात असा जगातला सर्वांत उत्तरेचा विमानतळ. आपल्या देशाचे आर्क्टिकमधले ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र त्याच्याही पुढे, नी-ऑलेसुंडला आहे. ते २००८मध्ये सुरू झाले आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. म्हणजे वास्कोतून निघालेल्या शास्त्रज्ञाचा रस्ताही लॉन्गइयरब्येनवरूनच जातो.

पायरी १: विमानतळ तोच आहे ना, हे आधी पाहा

हे वाचून हसू येईल, पण उत्तरेत नावांचा घोळ फार. नॉर्वेत ऑलेसुंड नावाचे एक देखणे बंदराचे शहर आहे, ६२.५ अंशांवर. नी-ऑलेसुंड आहे ७८.९ अंशांवर. दोन्हींमध्ये १,८०० किलोमीटरहून अधिक अंतर. शोधपेटीत घाईने नाव टाकले की संगणक बिनदिक्कत पहिले उचलतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ट्रोम्सो आणि ट्रॉन्डहाइमचेही तसेच, यादीत ही दोन नावे शेजारी शेजारी येतात.

म्हणून नावावर न जाता तीन अक्षरी सांकेतिक खूण पक्की करा. ट्रोम्सोची टीओएस, लॉन्गइयरब्येनची एलवायआर. तिकिटावर, सामानाच्या पट्टीवर आणि अंतर काढण्याच्या संकेतस्थळावर तीच असायला हवी.

पायरी २: अक्षांश-रेखांश लिहून घ्या

ट्रोम्सो विमानतळ: ६९ अंश ४१ मिनिटे उत्तर, १८ अंश ५५ मिनिटे पूर्व.
लॉन्गइयरब्येन विमानतळ: ७८ अंश १४.८ मिनिटे उत्तर, १५ अंश २८ मिनिटे पूर्व.

इथली सगळ्यांत सामान्य चूक म्हणजे ७८ अंश १४.८ मिनिटे हे ७८.१४८ असे कॅल्क्युलेटरमध्ये मारणे. एका अंशात ६० मिनिटे असतात, शंभर नाहीत. १४.८ला ६०ने भागले की ०.२४७ येतात, म्हणजे खरा आकडा ७८.२४७. एवढ्याशा चुकीने ११ किलोमीटर इकडचे तिकडे होतात.

आणि अक्षांश शहराचे नकोत, विमानतळाचे हवेत. या जोडीत त्याने फारसे बिघडत नाही, कारण दोन्ही विमानतळ गावाला लागूनच आहेत. सवय मात्र तीच ठेवावी.

पायरी ३: अंतर काढा, तेही हाताने

आता गंमत. नॉटिकल मैल हे एककच मुळात अक्षांशाच्या एका मिनिटावरून आलेले आहे. दक्षिणोत्तर एक मिनिट सरकलात की एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणून वैमानिक आणि खलाशी आजही किलोमीटरच्या नादी लागत नाहीत.

दोन्ही अक्षांशांतला फरक ८ अंश ३३.८ मिनिटे, म्हणजे एकूण ५१३.८ मिनिटे. झाले, दक्षिणोत्तर अंतर ५१३.८ नॉटिकल मैल.

रेखांशांतला फरक ३ अंश २७ मिनिटे, म्हणजे २०७ मिनिटे. पण हे २०७ जसेच्या तसे मैल म्हणून घ्यायचे नाहीत. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, ७४ अंशांवर तोच ३१ किलोमीटरच्याही आत. किती आकसला ते कोसाइन सांगतो. दोन्ही विमानतळांचा सरासरी अक्षांश ७४, त्याचा कोसाइन ०.२७६. २०७ गुणिले ०.२७६ म्हणजे ५७ नॉटिकल मैल.

पुढे शाळेतला पायथागोरस. ५१३.८चा वर्ग अधिक ५७चा वर्ग, त्याचे वर्गमूळ: ५१७ नॉटिकल मैल. गुणिले १.८५२, म्हणजे ९५७ किलोमीटर.

कोसाइन विसरलात तर? उत्तर येते सुमारे १,०२५ किलोमीटर, म्हणजे ६८ किलोमीटर फुकटचे. आणि ही जोडी जवळपास सरळ दक्षिणोत्तर असल्याने एवढ्यावर निभावले. विमान ट्रोम्सोहून निघताना दिशा खऱ्या उत्तरेच्या पावणेपाच अंश पश्चिमेला असते. पूर्व-पश्चिम जोडी असती तर हीच चूक उत्तर तिप्पट-चौपट करते.

एक बारीक तपशील चोखंदळांसाठी. काही संकेतस्थळे ९५७-९५८ दाखवतात, काही ९६१. दोन्ही बरोबर. पहिल्यांनी पृथ्वी अचूक गोल धरली, दुसऱ्यांनी ती ध्रुवांशी थोडी चपटी धरली. चपटेपणामुळे ध्रुवाजवळ अक्षांशाचा एक अंश थोडा लांब भरतो, म्हणून उत्तरेकडच्या दक्षिणोत्तर मार्गांवर दुसरा आकडा नेहमी जरासा मोठा येतो. तीन-चार किलोमीटरसाठी भांडण्यात अर्थ नाही, विमान उतरताना एक वळण जास्त घेते तेव्हा त्याहून अधिक जातात.

पायरी ४: ही युक्ती कुठे चालत नाही

वरची पायथागोरसची पद्धत जवळच्या जोड्यांसाठी. रेखांशांतला फरक मोठा झाला की ती सपशेल आपटते. ट्रोम्सो आणि अलास्काच्या उत्तर टोकावरचे उत्कियागविक घ्या. दोन्ही ७०-७१ अंशांवर, पण रेखांशात जवळपास १७६ अंशांचा फरक. अक्षांशाच्या रेषेने पूर्व-पश्चिम मोजत गेलात तर साडेसहा हजार किलोमीटर होतात. ध्रुवावरून पलीकडे गेलात तर ४,३३५. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता तोच, ज्याला महावर्तुळाचा मार्ग म्हणतात.

अशा जोडीसाठी पूर्ण सूत्र वापरा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. आलेल्या संख्येचा उलटा कोसाइन घ्या. उत्तर अंशांत असेल तर ६०ने गुणा, नॉटिकल मैल मिळतील. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर ती अंश ओळखत नाही, रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) मागते. आधी रूपांतर केले नाही तर भलताच आकडा येईल आणि तो दिसायला अगदी साळसूद असेल.

तरी एक लक्षात असू द्या, की ४,३३५ हा फक्त भूमितीचा आकडा. त्या दोन गावांमध्ये नियमित विमान नाही. प्रवाशाला दक्षिणेला उतरून, अटलांटिक ओलांडून, अँकरेजमार्गे पुन्हा वर चढावे लागते. अंतराच्या संकेतस्थळांवर ‘उड्डाणाचा वेळ साडेपाच तास’ असे दिसते तेव्हा ते उड्डाण अस्तित्वात आहे का, हे ते सांगत नाही.

पायरी ५: अंतरावरून हवेतला वेळ

ट्रोम्सो-लॉन्गइयरब्येनला परत येऊ. प्रवासी जेट विमान उंचीवर साधारण ४५० नॉट वेगाने जाते, म्हणजे तासाला ४५० नॉटिकल मैल. ५१७ला ४५०ने भागले की ६९ मिनिटे. हा आकडा घेऊन कुणाला विमानतळावर न्यायला बोलावू नका.

त्यात काय काय भरायचे ते असे. विमान अगदी सरळ रेषेत जात नाही. निघण्याचा आणि उतरण्याचा मार्ग ठरलेला असतो, धावपट्टीच्या दिशेला वळावे लागते. त्यासाठी अंतरात चार-पाच टक्के वाढवा. ५१७चे ५४० झाले, वेळ ७२ मिनिटे. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहा-बारा मिनिटे. म्हणजे चाके उचलल्यापासून टेकेपर्यंत सुमारे ८५ मिनिटे. निघताना जागेवरून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत सरकायला आणखी दहा-पंधरा मिनिटे. एकूण एक तास पस्तीस ते चाळीस मिनिटे. वेळापत्रकात छापतात तो आकडा हाच असतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा हा वेळ.

वाऱ्याचे गणित या मार्गावर मजेशीर आहे. मुंबई-युरोप प्रवासात जाताना आणि येताना वेळेत फरक पडतो, कारण वरचे वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात आणि आपण त्यांच्या विरुद्ध किंवा सोबत जातो. इथे मार्ग दक्षिणोत्तर, म्हणून पश्चिमेचा वारा कुशीतून येतो. शंभर नॉटचा वारा कुशीतून आला तरी विमानाचा पुढचा वेग ४५०वरून ४३९वरच येतो, दोन मिनिटांचा फरक. पण साठ नॉटचा वारा थेट समोरून आला तर ७२ची ८३ मिनिटे होतात. म्हणून वाऱ्याचा जोर बघण्याआधी त्याची दिशा बघावी.

हिवाळ्यात अजून एक थर: डी-आयसिंग. निघण्याआधी पंखांवरचे बर्फ फवारून काढतात. ट्रोम्सोला यासाठी रांग लागली की वेळापत्रकातली सगळी सैल जागा तिथेच संपते.

पायरी ६: घड्याळ

स्वालबार्ड आणि नॉर्वेची मुख्य भूमी यांचे घड्याळ एकच आहे. त्यामुळे तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली की थेट प्रवासाचा वेळ मिळतो. हे सुख सगळीकडे नाही. शेजारचा फिनलंड एक तास पुढे आहे, तेव्हा हेलसिंकीहून ट्रोम्सोला येताना उड्डाण कागदावर एक तासाने छोटे दिसते आणि जाताना तेवढेच मोठे.

भारतीय वेळ नॉर्वेच्या पुढे, हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्या आठवड्यात प्रवास असेल तर घरच्यांना फोनची वेळ देताना पुन्हा एकदा मोजा.

सूर्याच्या भरवशावर तर बिलकूल राहू नका. लॉन्गइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळत नाही आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. पहाटे तीनला उतरलात आणि बाहेर लख्ख ऊन असले तर मोबाइल बिघडलेला नाही. हॉटेलची खोली मात्र दुपारीच मिळते, तेव्हा आरक्षण करताना तारीख नीट बघा, मध्यरात्र उलटून गेलेली असते.

पायरी ७: खरा वेळ जातो तो जमिनीवर

स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व आहे, ते १९२० साली झालेल्या स्वालबार्ड करारानुसार. तो १९२५मध्ये लागू झाला. पण स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. परिणामी ट्रोम्सोहून लॉन्गइयरब्येनला जाणे नॉर्वेतल्या नॉर्वेत असूनही पासपोर्ट तपासणीचे. ओस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणारे विमान असेल तर ट्रोम्सोला सगळ्यांना उतरून, तपासणीतून जाऊन, पुन्हा त्याच विमानात बसावे लागते. हातातले सामान घेऊन उतरा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी हा मुद्दा अंतराच्या गणितापेक्षा दहापट महत्त्वाचा. स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, पण तिथे पोहोचण्याचा नेहमीचा रस्ता नॉर्वेतून जातो, आणि स्वालबार्डला जाणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे. परत येताना पुन्हा प्रवेश. म्हणून शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाच्या व्हिसावर गेलात तर परतीचा दरवाजा बंद. अर्ज भरताना प्रवेशांच्या रकान्यात बरोबर खूण करा आणि व्हिसा हातात आल्यावर आकडा पुन्हा वाचा. आणि ट्रोम्सोच्या लहानशा विमानतळावर तपासणीच्या खिडक्या मोजक्याच असतात, तेव्हा देशांतर्गत उड्डाणासारखे तासभर आधी पोहोचून चालणार नाही. दोन तास धरा.

मग उड्डाणे. एसएएस आणि नॉर्वेजियन या कंपन्या स्वालबार्डला विमाने नेतात, पण ट्रोम्सोहून थेट विमान रोज असेलच असे नाही आणि ऋतूनुसार वेळापत्रक बदलते. थेट विमान नसलेल्या दिवशी संकेतस्थळ काय करते? तुम्हाला खाली ओस्लोला पाठवते. ट्रोम्सो-ओस्लो १,११७ किलोमीटर, ओस्लो-लॉन्गइयरब्येन सुमारे २,०१५. म्हणजे ९५७ किलोमीटरसाठी ३,१३० किलोमीटर उडायचे, हवेतच पावणेपाच-पाच तास, वर ओस्लोतला मुक्काम. एक दिवस पुढे-मागे केल्याने हे टळत असेल तर ट्रोम्सोत एक दिवस काढणे कधीही स्वस्त. बघण्यासारखे भरपूर आहे तिथे.

हवामानाचेही धरा. लॉन्गइयरब्येनची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, १९७५मध्ये सुरू झालेली, कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली. आजूबाजूला डोंगर, समोर फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा. त्याआधी विमाने अ‍ॅडव्हेंट दरीतल्या गोठलेल्या जमिनीवर उतरत. आजही धुके किंवा आडवा वारा असेल तर उतरणे जमत नाही, आणि जवळपास प्रवासी जेट नेता येईल असा दुसरा विमानतळ नाही. मुंबईचे विमान अडले तर पुणे, अहमदाबाद, गोवा असे पर्याय असतात. इथे पर्याय म्हणजे समुद्र ओलांडून पुन्हा मुख्य भूमी, बहुधा ट्रोम्सोच. तेवढे इंधन विमानात घेऊनच निघतात. दीड तास जाऊन, घिरट्या घालून, दीड तास परत: साडेतीन तास उडून तुम्ही निघालेल्या जागीच.

म्हणून माझा आग्रह असा, की लॉन्गइयरब्येनहून परतीचे विमान आणि भारताकडे येणारे लांब पल्ल्याचे विमान यांच्यात पूर्ण एक दिवस मोकळा ठेवावा. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर हा दिवस ऐच्छिक नाही. एकाच आरक्षणात असतील तर पहिले विमान चुकल्यास पुढची सोय करणे कंपनीवर येते. वेगवेगळी असतील तर दुसरे तिकीट बुडाले. दोन-तीन हजार वाचवायला तिकिटे तोडून काढणारे उत्तरेत हमखास पोळतात.

पायरी ८: पुढे नी-ऑलेसुंडला जायचे असेल तर

बहुतेकांना जावे लागणार नाही, आणि मनात आले म्हणून जाताही येत नाही. ते संशोधकांचे गाव आहे. किंग्ज बे ही नॉर्वे सरकारच्या मालकीची कंपनी ते चालवते आणि विमानातली जागाही तिच्यामार्फतच ठरते. पण पद्धत पडताळायला ही जोडी छान आहे.

नी-ऑलेसुंड ७८.९३ अंश उत्तर, ११.८७ अंश पूर्व. अक्षांशांतला फरक ४१ मिनिटे. रेखांशांतला फरक २१६ मिनिटे, पण इथे कोसाइन ०.१९८, म्हणजे जेमतेम ४३ नॉटिकल मैल. पायथागोरस लावला की ५९ नॉटिकल मैल, सुमारे ११० किलोमीटर. पाहा, रेखांशाचे मिनिट अक्षांशाच्या मिनिटाच्या एक-पंचमांश उरले.

विमान जेट नाही. दोन पंख्यांचे डॉर्नियर २२८, ज्याची एक आवृत्ती आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स बनवते. वेग २०० नॉटच्या आसपास धरा: १८ मिनिटे, वर चढण्या-उतरण्याची पाच-सात, असे पंचवीस मिनिटांत पोहोचता. छोट्या विमानात सामानाच्या वजनाला मात्र काटेकोर मर्यादा असते, आणि थर्मल कपडे, बूट आणि उपकरणे मिळून ती पटकन संपते. जड उपकरणे आधीच वेगळी पाठवून द्यावीत.

हे सगळे जोडून मुंबईकराने किती दिवस धरावेत? मुंबईहून ट्रोम्सोला थेट विमान नाही. युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर आणि बहुधा ओस्लोतही बदल करून पोहोचायला एक दिवस जातो. दुसरा दिवस ट्रोम्सोत, झोप आणि पुढच्या विमानाची वाट. तिसऱ्या दिवशी लॉन्गइयरब्येन. परत येताना तेच, अधिक तो एक मोकळा दिवस. ज्या टप्प्याचे गणित आपण इतके घासून केले तो दीड तासाचा आहे, आणि त्यासाठी जाता-येता मिळून आठवडाभराची रजा टाकावी लागते. अर्ज करताना रजेच्या कारणापुढे ‘९५७ किलोमीटर’ असे लिहू नका.